दुधी जवळ असू द्यावा

दिवाळी सरली की दिल्लीची हवा नुसत्या डोळ्यांनी दिसू लागते आणि एनसीआरमधल्या नोकरदार माणसाला निसर्गाची आठवण येते. काहीजण हवा शुद्ध करायचं यंत्र घेतात. काहीजण कुमाऊंमध्ये जाऊन प्लॉट बघून येतात, घेत नाहीत. पस्तिशीच्या आसपासचा, सॉफ्टवेअरमधला, गुडघे अजून शाबूत असलेला एक पुरुषवर्ग मात्र सुरी घेतो. स्वयंपाकघरातली नव्हे. रानात तगून राहण्यासाठीची, न मिटणारी, चामड्याच्या म्यानातली. माझा भाचा या वर्गात मोडतो. गुरुग्रामला एकविसाव्या मजल्यावर राहतो. झाडं त्याला वरून दिसतात.

या छंदाला बुशक्राफ्ट म्हणतात. रानात गेल्यावर हाताशी असेल त्यावर निभावून न्यायचं: लाकूड फोडायचं, विस्तव करायचा, आडोसा उभारायचा, दांडी तासून भांडं टांगायचं. आमच्या गुहागरच्या आजोबांना हे सगळं येत होतं, पण त्याला ते 'कामं' म्हणायचे. कंबरेला आकडी आणि आकडीत कोयती, एवढ्यावर त्यांनी नारळ सोलले, कवाडं दुरुस्त केली, वई घातली आणि एकदा एका वकिलाला घाबरवलं. हे मी भाच्याला कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण कोयतीला टोक नसतं. ड्रिलिंग कसं करणार?"

आजोबांचं ड्रिलिंग राहूनच गेलं.

निवडीला सुरुवात झाली ती तक्त्यापासून. पात्याची लांबी, जाडी, पोलादाची जात, धारेचा कोन, मुठीचं लाकूड, म्यानाची शिवण, आणि 'टँग'. टँग म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग. तो मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीनं गेला तर फुल टँग. शेपटीसारखा निमुळता होत गेला तर उंदराची शेपूट. फुल टँगच हवा, कारण या मंडळींना सुरीनं ओंडका फोडायचा असतो. पातं ओंडक्यावर आडवं ठेवायचं आणि दुसऱ्या दांडक्यानं त्याच्या पाठीवर हाणायचं. याला बॅटनिंग म्हणतात. "मग कुऱ्हाड का नको?" असं मी विचारलं. "कुऱ्हाड जड होते," असं उत्तर आलं. ज्या गाडीतून तंबू, गाद्या, शेगडी, खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र जातं, त्या गाडीला कुऱ्हाड जड होते.

जाडीच्या बाबतीत नवखा माणूस हमखास सहा मिलिमीटरकडे ओढला जातो. दिसायला ती सुरी झकास. हातात घेतली की आपण अस्वलाच्या बरोबरीचे वाटतो. पण असल्या पात्यानं टोमॅटो कापला जात नाही, फुटतो; कांदा तर उडून शेजारच्या तंबूत जातो. अडीच-तीन मिलिमीटर पुरे. लांबीचंही तसंच. मॉर्स कोचान्स्की नावाचे कॅनडातले गुरुजी होऊन गेले, २०१९ साली वारले. रानातल्या कौशल्यांवरचं त्यांचं १९८८ चं पुस्तक या पंथात पोथीसारखं वाचतात. त्यांच्या मते पातं आपल्या तळव्याच्या रुंदीइतकं असलं की झालं. म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. चित्रपटातल्या रॅम्बोची सुरी याच्या दुपटीहून लांब होती, पण त्याला भाजी चिरायची नव्हती.

धारेच्या कोनाचा विषय निघाला की मी उठून चहा टाकतो. तरी सांगण्यासारखं एवढं आहे की स्वीडन-नॉर्वेकडची 'स्कँडी' धार म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच सपाट रुंद उतार. लाकूड तासायला उत्तम, आणि दगडावर तो उतार टेकवला की कोन आपोआप मिळतो, त्यामुळे घरी धार लावणाऱ्याला सोपी. याच प्रकारची, स्वीडनमधल्या मोरा गावची सुरी १८९१ पासून बनते आहे. प्लॅस्टिकची मूठ, प्लॅस्टिकचं म्यान, टँग अर्धामुर्धा. भाच्याच्या यादीतल्या इतर सुऱ्यांपुढे किंमत किरकोळ. आणि गंमत अशी की दहा हजारांच्या सुऱ्यांवर दोन-दोन तास बोलणारे जाणकार शेवटी हळूच सांगतात, पहिल्यांदा घेताय ना, मग मोराच घ्या, भागेल.

भाच्याला हे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मिळालं. त्यामुळे ते बाद झालं. तक्त्याला अजून रंगही भरले नव्हते.

मग पोलाद. कार्बनचं घ्यावं तर धार चटकन लागते, पण गंजतं. स्टेनलेस घ्यावं तर गंजत नाही, पण "त्यात आत्मा नसतो." हे वाक्य मी केमिकल इंजिनियरच्या तोंडून ऐकलं आहे. पोलादाचा कठीणपणा रॉकवेलच्या मापानं मोजतात. फार कठीण झालं तर धारेचे कपचे उडतात, मऊ राहिलं तर धार मुडपते. चांगल्या सुऱ्या साधारण छप्पन्न ते साठच्या दरम्यान असतात, आणि अठ्ठावन्न बरं की एकोणसाठ यावर दोन शिकलेली माणसं गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये बसून बिअर कोमट होईपर्यंत भांडू शकतात.

आमच्या सौ.नं हे सगळं जेवण वाढता वाढता ऐकलं आणि विचारलं, "माझ्या विळीचं किती रे?"

भाच्यानं हसण्यावारी नेलं. पण तिचा मुद्दा बिनतोड होता. न हलणारं पातं हवं ना? विळीत पातं जागचं हलतच नाही, भाजी हलते. टँग थेट पाटात ठोकलेला. वर खोबरं खवायची सोय. आणि घेताना तिनं एकच परीक्षा केली होती: विकणारणीसमोर बसून अर्धी जुडी चिरली आणि चार रुपये कमी केले.

भाच्याला परीक्षा हवी होती ती कोचान्स्की गुरुजींची. सुरी उभ्या झाडाच्या खोडात चार सेंटिमीटर ठोकायची आणि मुठीवर उभं राहायचं. तुमचं वजन पेललं तर सुरी खरी. यात अडचण सुरीची नव्हती, झाडाची होती. दिल्लीत १९९४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. फांदी छाटायची तर वनखात्याची परवानगी लागते. यमुना ओलांडून नोएडात आलात की उत्तर प्रदेशचा १९७६ चा कायदा. गुरुग्रामच्या बाजूला अरवलीत शिरलात तर पंजाब लँड प्रिझर्व्हेशन ॲक्ट, तो १९०० सालचा. तेव्हा हरियाणाच नव्हता, पण कायदा तयार होता. उरलं मांगरचं रान, म्हणजे मांगर बनी. तिथली धौची झाडं टिकली आहेत ती कायद्यापेक्षा गुदरिया दास बाबांच्या धाकानं. त्या देवराईत काडी मोडणाऱ्याचं वाईट होतं अशी आसपासच्या गावांची श्रद्धा आहे. आता ज्या प्रदेशात झाडाच्या बाजूनं तीन विधानसभा आणि एक बाबा उभे आहेत, तिथे माझ्या भाच्यानं कशावर उभं राहायचं? शेवटी तो कात्रजच्या आजोळी जाईल तेव्हा करायचं असं ठरलं. तिथे आता झाड नाही, पार्किंग आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सुरीबद्दल कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण भाच्यानं त्याचीही वेगळी फाइल केली. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे तलवारी-भाल्यांच्या पंगतीला बसवले आहेत. त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या हत्यारांना मात्र वगळलं आहे. दिल्लीची १९८० ची एक अधिसूचना निराळी. तिचा रोख मिटणाऱ्या चाकूंवर: बटन दाबून उघडणारे बटनदार, दात्यांवर खटके घेत उघडणारे गरारीदार. पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर असा चाकू घेऊन हिंडायचं नाही. दिल्लीच्या फौजदारी कोर्टांत या बटनदाराची एवढी ये-जा आहे की त्याला एव्हाना वकिलांच्या कँटीनमध्ये उधारी मिळत असेल.

भाच्याची सुरी दहा सेंटिमीटरची, न मिटणारी, ना बटन ना गरारी. भिण्याचं कारण नव्हतं. पण मनुष्य विचार करणारा पडला. "मामा, नाक्यावर अडवलं आणि विचारलं हे कशासाठी, तर काय सांगायचं?"

"बुशक्राफ्टसाठी सांग."

"सराय काले खाँच्या हवालदाराला?"

विचार करण्यासारखं होतं. घरगुती काम, शेतीचं काम, शास्त्राचं काम हे जगाला कळतं. शनिवारी सकाळी साडेसहा हजार रुपयांच्या सुरीनं काडीला पिसं काढत बसायचं, हे कुठल्या रकान्यात घालणार? तोडगा सौ.नं काढला. "पिशवीत एक दुधी ठेव. विचारलं तर दुधी दाखव." तेव्हापासून भाच्याच्या रानात जायच्या सामानाच्या यादीत विजेरी, चकमक, दोरी आणि दुधी असा क्रम आहे. मेट्रोत मात्र दुधीचा उपयोग नाही. तिथे सीआयएसएफचं क्ष-किरण यंत्र दुधी सोडतं आणि सुरी धरतं. चावडी बाजारातून एक पातं बघून आणायचं तर या गृहस्थाला रिक्षा, कॅब आणि मनस्ताप मिळून सुरीच्या निम्मा खर्च आला.

वरच्या मजल्यावरचे कर्नलसाहेब गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले. सल्ला घ्यायला भाचा त्यांच्याकडे गेला. त्यांनी भिंतीवरची खुकरी काढून दाखवली. म्यानात मागच्या बाजूला दोन छोटी पाती असतात: एक कर्दा, बारीकसारीक कापायला, दुसरं चकमक, धार ठाकठीक करायला आणि ठिणगी पाडायला. भाचा हरखला. त्याच्या तक्त्यातले तीन रकाने एका म्यानात बसले होते. त्यानं विचारलं, "सर, सर्विस में इससे सबसे ज़्यादा क्या काटा?" कर्नलसाहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "मीठे दूध के डिब्बे," ते म्हणाले.

मध्यंतरी रामपूरला जाऊन यायचंही घाटत होतं. चाकूचं गाव, दिल्लीहून चार तासांवर. खटके मोजत उघडणारा रामपुरी हिंदी चित्रपटांतल्या निम्म्या खलनायकांच्या उपजीविकेचं साधन होता. पुढे साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि धंदा बसला. २०२३ साली त्याच गावच्या चौकात वीस फुटी चाकूचा पुतळा उभारला गेला. छोटा चाकू जवळ बाळगला तर गुन्हा, मोठा केला तर सुशोभीकरण. ही कल्पना मला फार आवडते. भाच्यानं मात्र फोटो बघून "मिटणारा आहे" म्हणून तोही बाद केला.

सुरीची खरी गाठ पडली ती घराशेजारच्या फुटपाथवर. उड्डाणपुलाच्या कडेला गाडिया लोहारांची चार-सहा बिऱ्हाडं आहेत. भाता, ऐरण, पुढ्यात पोत्यावर मांडलेले तवे, चिमटे, खुरपी, दराती, कुऱ्हाडीची पाती. बाप लालभडक लोखंड सांडशीत धरतो आणि घण मारते ती त्याची बायको. तिच्या हाताचा झोक बघावा आणि व्यायामशाळेची फी परत मागावी. भाच्यानं एक पातं उचललं, बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकल्यासारखं केलं.

"स्टील कौन सा है?"

"ट्रक का," ती म्हणाली.

मला हे उत्तर संपलेलं वाटलं. भाच्याचे डोळे चमकले. ट्रकच्या कमानीचे पाटे म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, म्हणजे त्याच्या तक्त्यातला सातवा रकाना. हेच परदेशी माणसानं घडवून, अक्रोडाची मूठ लावून, खोक्यात घालून पाठवलं की वीस हजारांना पडतं. त्यानं रॉकवेल विचारला. बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं ते पातं घेऊन ऐरणीच्या कडेवर एक घाव घातला. पात्याला काही झालं नाही. ऐरणीवर रेघ उमटली. हे त्यांचं प्रमाणपत्र.

"काटना क्या है?"

"लकड़ी."

"तो कुल्हाड़ी ले जाओ."

मी तिच्याकडे फार आदरानं पाहिलं.

हे लोक मूळचे मेवाडचे. १५६८ साली चितोड पडलं तेव्हा पूर्वजांनी शपथ घेतली, चितोड परत मिळेपर्यंत पक्क्या छपराखाली राहणार नाही, गाडीवरच संसार करू. पंडित नेहरूंनी एप्रिल १९५५ मध्ये त्यांना समारंभानं चितोडगडावर नेलं आणि शपथ फिटल्याचं जाहीर केलं. छपराचं तेवढं राहून गेलं. आता बुशक्राफ्टच्या व्याख्येशी ताडून बघा: उघड्यावर मुक्काम, हाताशी मिळेल त्यातून अवजार, रोजचा विस्तव, सामान गाडीत मावेल एवढंच. अख्ख्या एनसीआरमध्ये ही विद्या पूर्ण वेळ करणारे एवढेच, आणि महापालिका अधूनमधून येऊन त्यांनाच उठवते. बाकीच्या आम्हा लोकांना ती शिकवणारी दोन दिवसांची शिबिरं असतात, नाश्त्यासह.

असल्याच एका ठिकाणी, लॅन्सडाउनच्या अलीकडे, भाचा शेवटी सुरी घेऊन गेला. आम्हीही गेलो, कारण मामीच्या हातची थालिपीठं त्याच्या सामानाच्या यादीत सुरीच्या वर होती. (सुरी कोणती घेतली? ती सांगण्यात अर्थ नाही. तक्त्यात पहिली आलेली नव्हती. मूठ आवडली म्हणून घेतली.) तंबू आधीच उभे होते, आत पंखा होता. लाकडं कापायची सोय नव्हती, कारण राखीव जंगलातून वाळकं लाकूड उचलायला आणि बिनपरवाना विस्तव करायला १९२७ चा वनकायदा बंदी घालतो, आणि अगदी योग्य बंदी घालतो. उत्तराखंडचे डोंगर दर उन्हाळ्यात पेटतात ते बघितलं की कुणाच्याही हातातली काडेपेटी काढून घ्यावीशी वाटते. शेकोटी रात्री आठला, पॅकेजमध्ये. भाच्यानं बॅगेतून दांडकी काढली, गुरुग्रामहून आणलेली, फर्निचरच्या दुकानात कटवलेली, आणि पिसं काढायला बसला. 'फेदर स्टिक' म्हणजे काडीला न तोडता पातळ कुरळ्या ढलप्या काढायच्या, की ती एका ठिणगीवर पेटते. काम खरंच देखणं आहे. पाऊण तासात त्यानं एक सुंदर काडी केली. तोवर कँपवरचा पोऱ्या आला, कोयत्यासारख्या वाकड्या हत्यारानं चार घावांत ओंडका उभा चिरला, दुधाची रिकामी पिशवी त्यावर ठेवून लायटर लावला आणि विचारलं, "अंकल, पनीर टिक्का अभी लाऊँ?"

ती काडी जाळायला कुणाचंच मन झालं नाही. ती गुरुग्रामला शोकेसमध्ये आहे.

एनसीआरमध्ये परत आल्यावर तर तिचा काही प्रश्नच नव्हता. हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर गेला की टप्प्याटप्प्यानं निर्बंध सुरू होतात. हॉटेलांच्या तंदूरमधला कोळसा बंद, उघड्यावर काही पेटवणं बंद, आणि पुढच्या टप्प्यावर सोसायटीनं पहारेकऱ्याला शेकोटीऐवजी विजेचा हीटर द्यायचा. गेल्या डिसेंबरात भाचा गेटवर त्या हीटरपाशी उभा राहून पहारेकऱ्याला चकमकीनं ठिणगी कशी पाडायची ते समजावत होता. पहारेकरी बिहारमधल्या खेड्यातला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

सुरी सध्या आमच्याकडे असते, कारण गुरुग्रामच्या घरी स्वयंपाक होत नाही. सौ.ला ती पसंत पडली. सुरणाला बरी, म्हणाली. कैरी आणि लिंबू कापून कापून कार्बनच्या पात्यावर निळसर-काळी छटा धरली. भाच्यानं येऊन पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं. या छटेला 'पॅटिना' म्हणतात; ती गंजाला अटकाव करते, आणि हौशी लोक ती यावी म्हणून पात्याला मोहरी फासतात, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. "मामी, हे असंच राहू दे हं."

"मळलंय रे ते," असं म्हणून तिनं त्याच रात्री चिंच आणि तारेची घासणी लावून पातं आरशासारखं करून ठेवलं.

त्यातून तो सावरतो आहे तोवर मंगळवार उजाडला. आमच्या गल्लीत दर मंगळवारी धारवाला येतो. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, पुढे दगडाचं चाक फिरतं. सौ.नं विळी, दोन सुऱ्या, कात्री आणि त्यांच्याबरोबर भाच्याचं साडेसहा हजारांचं पातं खाली पाठवलं. मी व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं. पलीकडे मीटिंग चालू होती. खुर्ची पडल्याचा आवाज आला. स्कँडी धारेचा तो सपाट उतार, ज्याच्यासाठी त्यानं तीन प्रतीचे जपानी दगड घेतले होते, त्याला धारवाल्यानं दोन्ही अंगांनी एकेक झटका देऊन खाली आणखी एक बारीक उतार काढून दिला होता. ठिणग्या मात्र छान पडल्या, एकाही निर्बंधाचा भंग न करता.

संध्याकाळी भाचा हजर. पातं उजेडात धरून बघितलं, एकदा मटकन बसला, मग उठून वर्तमानपत्राचा कागद धरला आणि सुरी ओढली. कागद आपोआप दोन झाल्यासारखा झाला. टोमॅटो घेतला; पारदर्शक चकत्या पडल्या. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, "मामी, किती घेतले त्यानं?"

"विळीचे तीस. तुझीचे वीस म्हणाला, छोटी आहे म्हणून."

"आणि कोन किती ठेवला, काही बोलला?"

"बोलला ना. म्हणाला, बहनजी, इससे दुधी अच्छा कटेगा."

भाचा हल्ली मंगळवारी घरून काम करतो. आमच्या घरून.